स्नोमोबाईलच्या दिव्यांचे एलईडी रूपांतरण

स्नोमोबाईलच्या दिव्यांचे एलईडी रूपांतरण म्हणजे बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाईल या वाहनाच्या हेडलाइटमधील, मागील दिव्यांतील आणि डॅशबोर्डमधील हॅलोजन किंवा साधे तापदीप्त बल्ब काढून त्यांच्या जागी प्रकाश उत्सर्जक डायोड, अर्थात एलईडी, वापरणारे बल्ब बसवणे होय. एलईडी बल्बला कमी विद्युतशक्ती लागते, तो हादरे चांगले सहन करतो आणि सहसा दीर्घकाळ टिकतो. या कारणांमुळे जुन्या स्नोमोबाईलच्या मालकांमध्ये हा बदल लोकप्रिय आहे. मात्र स्नोमोबाईलची विद्युतव्यवस्था मोटारीपेक्षा बरीच वेगळी असते. अनेक जुन्या गाड्यांत बॅटरी नसते आणि दिव्यांना प्रत्यावर्ती विद्युतधारा मिळते. शिवाय हॅलोजन बल्बच्या उष्णतेने काचेवरचा बर्फ वितळतो, तसा एलईडीने फारसा वितळत नाही. त्यामुळे हा बदल केवळ बल्ब बदलण्यापुरता मर्यादित राहत नाही. गाडीची विद्युतनिर्मिती, परावर्तकाची रचना आणि बर्फातील वापर या तिन्हींचा विचार त्यात करावा लागतो.

पार्श्वभूमी

कॅनडातील क्वेबेक प्रांतातील व्हालकूर येथील संशोधक जोसेफ-आर्मांद बोम्बार्डिए (१९०७–१९६४) यांनी बर्फावर चालणाऱ्या वाहनांच्या विकासात मोठी भूमिका बजावली. १९३४च्या हिवाळ्यात बर्फामुळे रस्ते बंद असल्याने त्यांच्या दोन वर्षांच्या आजारी मुलाला रुग्णालयात पोहोचवता आले नाही व त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांनी पट्ट्यावर चालणारी मोठी हिमवाहने तयार केली आणि १९५९मध्ये त्यांच्या कंपनीने स्की-डू ही एकदोन माणसांसाठीची हलकी स्नोमोबाईल बाजारात आणली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात पोलारिस आणि आर्क्टिक कॅट या कंपन्या उदयास आल्या, तर जपानच्या यामाहा कंपनीने १९६८पासून स्नोमोबाईलचे उत्पादन सुरू केले.

अलास्का, उत्तर कॅनडा आणि उत्तर स्कँडिनेव्हियात स्नोमोबाईल हे दैनंदिन वाहतुकीचे साधन आहे. १९६०च्या दशकापासून सामी लोकांच्या रेनडिअरपालनात तिचा वापर वाढत गेला. भारतात सियाचीन हिमनदीवर सैन्य अशा वाहनांचा उपयोग करते, तसेच गुलमर्ग येथे पर्यटकांना त्यांवरून फिरवले जाते.

ज्या प्रदेशांत या वाहनाचा सर्वाधिक वापर होतो, तेथेच हिवाळ्यातील दिवस अत्यंत लहान असतो. अलास्कातील उत्कियागविक या गावी नोव्हेंबरच्या मध्यापासून सुमारे ६५ दिवस सूर्य क्षितिजावर येत नाही. अशा ठिकाणी शिकार, मासेमारी, किराणा आणि औषधोपचार यांसाठीचा प्रवास बहुधा अंधारातच होतो. गोठलेल्या तलावावरील भेग, अर्धवट बुजलेले कुंपण, थांबलेले दुसरे वाहन किंवा मूस हा प्राणी वेळेत दिसणे सर्वस्वी हेडलाइटवर अवलंबून असते.

मूळ प्रकाशव्यवस्था

बल्बचे प्रकार

अनेक जुन्या स्नोमोबाईलच्या हेडलाइटमध्ये मोटारी व मोटारसायकलींत सर्रास आढळणारा एच४ हा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन फिलॅमेंट असतात. दूरच्या प्रकाशझोतासाठी ६० वॅटचे आणि जवळच्या प्रकाशझोतासाठी ५५ वॅटचे फिलॅमेंट काम करते. १३.२ व्होल्टवर त्यांच्यापासून अनुक्रमे सुमारे १,६५० आणि १,००० ल्युमेन प्रकाश मिळतो. मागील बाजूस २१/५ वॅटचा दुहेरी फिलॅमेंटचा बल्ब असतो. ५ वॅटचे फिलॅमेंट सतत जळते व ब्रेक दाबताच २१ वॅटचे फिलॅमेंट प्रज्वलित होते. डॅशबोर्डमधील वेगमापक, इंजिनाच्या फेऱ्यांचे मापक, इंधनमापक आणि इशारादर्शक दिवे यांसाठी काचेच्या चपट्या बुडाचे, साधारण १.२ ते ५ वॅटचे छोटे बल्ब वापरले जातात.

विद्युतनिर्मिती

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेल्या चाकात कायमचुंबक असतात. हे चाक फिरते तेव्हा आतील स्थिर वेटोळ्यांत, म्हणजे स्टेटरमध्ये, प्रत्यावर्ती विद्युतधारा निर्माण होते. मोटारीत ही धारा दिष्ट धारेत रूपांतरित होऊन बॅटरीत साठते. दोरी ओढून सुरू होणाऱ्या अनेक स्नोमोबाईलमध्ये मात्र बॅटरी नसते आणि स्टेटरची धारा व्होल्टेज रेग्युलेटरमार्गे थेट दिव्यांकडे जाते.

या रचनेत मिळणारी शक्ती इंजिनाच्या वेगावर अवलंबून असते. इंजिन मंदगतीने फिरत असताना व्होल्टेज घटते व दिवे मंदावतात. तापदीप्त बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४व्या घातांकाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून १२ व्होल्टऐवजी १० व्होल्ट मिळाल्यास प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. गाडी थांबून दिशा शोधावी लागते, नेमक्या त्याच वेळी प्रकाश सर्वांत कमी असतो.

बहुतेक रेग्युलेटर जादा शक्ती जमिनीकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे, वळवून व्होल्टेज मर्यादेत ठेवतात. सुरुवातीच्या काळातील काही गाड्यांमध्ये रेग्युलेटरच नसे. त्यांत स्टेटर व बल्ब यांचा मेळ अशा रीतीने घातलेला असे, की बल्बचा भारच व्होल्टेज आटोक्यात ठेवत असे. अशा गाडीत एक बल्ब गेला, की वाढलेल्या व्होल्टेजमुळे दुसरा बल्बही लवकरच जाई.

एलईडीचे कार्य व विकास

एलईडी हा अर्धवाहक पदार्थाचा डायोड आहे. त्यातून योग्य दिशेने विद्युतधारा वाहिली असता इलेक्ट्रॉन व धन छिद्रे यांच्या संयोगातून प्रकाश बाहेर पडतो. निक होलोन्याक यांनी १९६२मध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. कार्यक्षम निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या प्रस्फुरक पदार्थाचा थर दिल्याने पांढरा प्रकाश मिळतो. हेडलाइटमध्ये हीच पद्धत वापरली जाते.

मोटारीच्या हॅलोजन बल्बपासून प्रत्येक वॅटमागे साधारण १५ ते २५ ल्युमेन प्रकाश मिळतो. चांगल्या पांढऱ्या एलईडीपासून १०० ल्युमेनहून अधिक मिळू शकतो. २०१०च्या दशकाच्या मध्यापासून अनेक उत्पादकांनी नव्या स्नोमोबाईलमध्ये मुळातच एलईडी हेडलाइट बसवण्यास सुरुवात केली. या गाड्यांतील दिव्याचा परावर्तक, भिंग व उष्णताविसर्जन यांची रचना एलईडीसाठीच केलेली असते. हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या जुन्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब बसवणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे.

रूपांतरणाची कारणे

शक्तीची बचत हे रूपांतरणाचे प्रमुख कारण आहे. स्टेटरची क्षमता ठरावीक असते आणि दिव्यांखेरीज हँडलच्या मुठी व थ्रॉटलचा खटका गरम ठेवणारी उपकरणे, हेल्मेटची विजेवर तापणारी काच तसेच दिशादर्शक उपकरण यांनाही तीच शक्ती पुरवावी लागते. समजा, एका गाडीच्या स्टेटरची क्षमता २०० वॅट आहे आणि हेडलाइटमध्ये दोन एच४ बल्ब आहेत. जवळच्या प्रकाशझोतासाठी ११० वॅट, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती, दिव्यांतच खर्ची पडते. त्यांच्याऐवजी प्रत्येकी २५ वॅटचे दोन एलईडी बल्ब बसवल्यास ६० वॅट मोकळे होतात. मुठी व खटका गरम राखण्यासाठी ती शक्ती उपयोगी पडते. उणे ३० अंश सेल्सिअसमध्ये बोटे बधिर झालेल्या चालकाला ब्रेक व थ्रॉटल नीट हाताळता येत नाहीत, त्यामुळे ही बचत सुरक्षिततेशी निगडित आहे.

दुसरे कारण टिकाऊपणाचे आहे. ओबडधोबड बर्फावरील सततचे धक्के आणि इंजिनाचे कंपन यांमुळे तप्त टंगस्टन फिलॅमेंट तुटते. एलईडीमध्ये फिलॅमेंट नसल्याने हा दोष उद्भवत नाही. तिसरे कारण म्हणजे स्थिर प्रकाश. दर्जेदार एलईडी बल्बमधील ड्रायव्हर हे इलेक्ट्रॉनिक मंडल व्होल्टेज काहीसे घटले तरी डायोडला ठरावीक धारा पुरवते. त्यामुळे इंजिन मंद असतानाही प्रकाश टिकून राहतो. थंडीत एलईडीची प्रकाशक्षमता किंचित वाढते, हाही एक लाभ आहे.

हेडलाइटमधील बदल

परावर्तक आणि प्रकाशझोत

हेडलाइटची परिणामकारकता केवळ ल्युमेनवर ठरत नाही. बल्बच्या फिलॅमेंटची लांबी सुमारे ५ मिलिमीटर असते आणि ते परावर्तकाच्या नाभीशी अचूक ठिकाणी असेल, असे गृहीत धरून परावर्तकाचा आकार ठरवलेला असतो. एच४ बल्बमध्ये जवळच्या प्रकाशझोताच्या फिलॅमेंटखाली धातूची छोटी वाटी असते. परावर्तकाच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश ती अडवते व त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत झोत जात नाही.

एलईडी बल्बमधील चकत्या फिलॅमेंटच्या जागी, तितक्याच लांबीच्या आणि कमीत कमी जाडीच्या दांड्यावर असल्या, तरच मूळ झोताशी मिळताजुळता झोत मिळतो. जाड दांड्यावर चोहोबाजूंनी चकत्या लावलेल्या स्वस्त बल्बमुळे प्रकाश विखुरतो. अशा वेळी गाडीपुढील बर्फ लख्ख उजळतो व चालकाला दिवा अधिक प्रखर वाटतो, पण दूरवर पोहोचणारा प्रकाश उलट कमी झालेला असतो. जवळच्या चकाकत्या बर्फामुळे डोळ्यांच्या बाहुल्याही आकुंचन पावतात व दूरचे दिसणे आणखी कमी होते.

प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ६० मीटरवर दिसणारी वस्तू १२० मीटरवरून तितकीच स्पष्ट दिसण्यासाठी त्या दिशेने चौपट तीव्रता लागते. प्रकाश दुप्पट झाला आणि झोताचा आकार अगदी तसाच राहिला, तरी दृश्य अंतर सुमारे ४१ टक्केच वाढते. म्हणून वेष्टनावरील ल्युमेनच्या आकड्यावरून दिसण्याचे अंतर ठरवता येत नाही.

वेग आणि दृश्य अंतर

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात रात्री स्नोमोबाईलसाठी ताशी ५५ मैलांची, म्हणजे ताशी सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा आहे. या वेगाने गाडी सेकंदाला २४.६ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक लावेपर्यंत १.५ सेकंद गेल्यास तेवढ्यात ३७ मीटर अंतर कापले जाते. बर्फावर दर सेकंदाला वेग सेकंदाला ३ मीटरने कमी होतो असे धरल्यास थांबण्यासाठी आणखी सुमारे १०० मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर १३५ मीटरच्या पुढे जाते. ज्या हेडलाइटने ६० मीटरपर्यंतच स्पष्ट दिसते, त्याच्या प्रकाशात या वेगाने जाणारी गाडी अडथळ्यापूर्वी थांबू शकत नाही. नवा बल्ब अधिक प्रखर वाटल्याने चालकाने वेग वाढवला आणि दूरचा प्रकाश प्रत्यक्षात वाढलेला नसला, तर रूपांतरणामुळे धोका वाढतो.

उष्णता आणि बर्फ

हॅलोजन बल्बमधील बहुतांश ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता दिव्याच्या पुढील काचेपर्यंत पोहोचते व तिच्यावर साचणारा बर्फ वितळवते. एलईडीमध्येही बरीच ऊर्जा उष्णतेत जाते, परंतु ती प्रकाशासोबत पुढे न जाता बल्बच्या मागील बाजूस असलेल्या धातूच्या उष्णताविसर्जकात जाते. परिणामी पुढील काच थंड राहते. दुसऱ्या गाडीमागे उडणाऱ्या बर्फाच्या भुकटीतून जाताना किंवा ओला बर्फ पडत असताना काचेवर थर साचतो आणि प्रकाश हळूहळू घटत जातो. थंड प्रदेशांतील एलईडी वाहतूक सिग्नलांवर बर्फ साचण्याची समस्याही याच कारणामुळे उद्भवते.

वारंवार थांबून काच पुसणे, काचेवर पाणी व बर्फ न चिकटू देणारे द्रव्य लावणे किंवा काच तापवणारी पातळ तार बसवणे, हे यावरचे उपाय आहेत. शेवटच्या उपायाने वाचवलेल्या शक्तीचा काही भाग पुन्हा खर्च होतो.

पंख्याने थंड होणाऱ्या एलईडी बल्बमध्ये आणखी एक अडचण असते. पंख्यात शिरलेला बर्फ वितळून पुन्हा गोठला की पंखा अडकतो आणि बल्ब तापून बिघडतो. पंखा नसलेले, धातूच्या पात्यांचे किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांचे विसर्जक असलेले बल्ब यासाठी अधिक योग्य मानले जातात. मात्र त्यांना दिव्यामागे पुरेशी जागा लागते व रबराचे मूळ आवरण नीट बसावे लागते. ते नीट न बसल्यास दिव्यात ओल शिरते व परावर्तक खराब होतो.

हिमवर्षावातील प्रकाश

हॅलोजन बल्बचे रंगतापमान सुमारे ३,२०० केल्विन असते व त्याचा प्रकाश पिवळसर दिसतो. बाजारातील बहुतेक एलईडी बल्ब ५,००० ते ६,५०० केल्विनचे, म्हणजे पांढरे ते निळसर असतात. पिवळा प्रकाश बर्फातून अधिक आरपार जातो असा समज प्रचलित आहे. परंतु हिमकण प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी मोठे असल्याने त्यांच्याकडून सर्व रंगांचे विकिरण जवळपास सारखेच होते. हिमवर्षावात दिसणारी पांढरी भिंत मुख्यतः वर विखुरलेल्या आणि चालकाच्या नजरेच्या रेषेजवळून जाणाऱ्या प्रकाशामुळे तयार होते. तथापि निळसर प्रकाशाची चकाकी डोळ्यांना अधिक त्रासदायक वाटते, म्हणून कमी रंगतापमानाचे बल्ब अनेकांना सुखकर ठरतात. हिमवर्षावात जवळचा प्रकाशझोत वापरणे हा बल्ब कोणताही असला तरी लागू पडणारा उपाय आहे.

प्रत्यावर्ती धारेमुळे येणाऱ्या अडचणी

तापदीप्त बल्बला धारा कोणत्या दिशेने वाहते याने फरक पडत नाही. एलईडीला तो पडतो. प्रत्यावर्ती धारेवर साधा एलईडी केवळ अर्ध्या चक्रात प्रकाशतो आणि उरलेल्या अर्ध्या चक्रात त्यावर उलटे व्होल्टेज येते. अनेक एलईडींची उलटे व्होल्टेज सहन करण्याची मर्यादा ५ व्होल्टच्या आसपास असते. त्यामुळे संरक्षक डायोड नसलेला बल्ब लवकर निकामी होऊ शकतो.

प्रकाशाची उघडझापही होते. स्टेटरच्या चाकात चुंबकीय ध्रुवांच्या सहा जोड्या असतील आणि इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्या घेत असेल, तर धारेची वारंवारता १८० हर्ट्झ असते. फिलॅमेंट तप्त राहत असल्याने हॅलोजन बल्बमध्ये ही उघडझाप जाणवत नाही. एलईडी मात्र तत्क्षणी विझतो व पेटतो. त्यामुळे उडणारे हिमकण तुटक रेषांसारखे दिसतात व चालकाच्या डोळ्यांवर ताण येतो.

यावर दोन प्रकारे मात केली जाते. पहिल्या प्रकारात प्रत्यावर्ती व दिष्ट अशा दोन्ही धारांवर चालणारा, आत चार डायोडांचा सेतू व ड्रायव्हर असलेला बल्ब वापरतात. दुसऱ्या प्रकारात दिव्यांचे संपूर्ण मंडलच दिष्ट धारेवर आणले जाते. त्यासाठी रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकत्र असलेला भाग व एक कपॅसिटर किंवा छोटी बॅटरी बसवतात. अनेक जुन्या स्टेटरमध्ये दिव्यांच्या वेटोळ्याचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असते. चार डायोडांच्या सेतूवर आधारित रेक्टिफायर वापरायचा असल्यास ते टोक सोडवून स्वतंत्र तारेने बाहेर आणावे लागते. अन्यथा रेक्टिफायरमधील काही डायोडांवाटे लघुमंडल होते.

कपॅसिटर निवडताना व्होल्टेजचे शिखरमूल्य लक्षात घ्यावे लागते. मापकावर १३ व्होल्ट दिसणाऱ्या ज्यावक्रीय प्रत्यावर्ती व्होल्टेजचे शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे १८ व्होल्ट असते. म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर अपुरा पडतो. प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच अधिक, उदाहरणार्थ ३५ व्होल्ट, क्षमतेचा कपॅसिटर घेतात.

भार कमी झाल्याचा परिणाम रेग्युलेटरवरही होतो. जादा शक्ती सांगाड्याकडे वळवणाऱ्या रेग्युलेटरला, दिवे कमी शक्ती घेऊ लागल्यावर, अधिक शक्ती वळवावी लागते व तो अधिक तापतो. त्याच्यावर हवा खेळती असणे आवश्यक असते. मुळात रेग्युलेटर नसलेल्या जुन्या गाडीत एलईडी बसवल्यास व्होल्टेज अनियंत्रितपणे वाढते. अशा गाडीत प्रथम रेग्युलेटर बसवल्याखेरीज हे रूपांतरण करता येत नाही.

डॅशबोर्डमधील बदल

डॅशबोर्डचे बल्ब छोटे असल्याने त्यांतून होणारी शक्तीची बचत थोडी असते. कमी उष्णतेमुळे प्लास्टिकचे भाग न करपणे आणि वारंवार डॅशबोर्ड उघडावा न लागणे, हे येथील खरे फायदे आहेत. मात्र काही बाबी महत्त्वाच्या ठरतात.

पहिली बाब रंगाची आहे. अनेक मापकांत पांढऱ्या बल्बवर निळी किंवा हिरवी रबरी टोपी अथवा रंगीत पट्टी असते. एलईडीच्या प्रकाशातील रंगांचे प्रमाण वेगळे असल्याने टोपी काढून त्याच रंगाचा एलईडी लावल्यास परिणाम चांगला मिळतो. दुसरी बाब प्रकाशाच्या दिशेची आहे. मूळ बल्बचा प्रकाश सर्व बाजूंना पसरतो व मापकाच्या पांढऱ्या पोकळीत परावर्तित होऊन अंकांमागे पोहोचतो. केवळ समोर प्रकाश टाकणाऱ्या एलईडीमुळे मध्यभागी प्रखर ठिपका व कडेला अंधार अशी स्थिती होते.

तिसरी बाब प्रखरतेची आहे. अंधाराला पूर्णपणे सरावण्यासाठी मानवी डोळ्याला २० ते ३० मिनिटे लागतात. मापकांचा प्रकाश गरजेपेक्षा अधिक असल्यास हा सराव मोडतो व बाहेरचे कमी दिसते. काही वेळा तो हेल्मेटच्या काचेवर प्रतिबिंबितही होतो. म्हणून डॅशबोर्डसाठी सर्वांत प्रखर एलईडी निवडणे हितावह नसते.

चौथी बाब इशारादर्शक दिव्यांची असून तीच सर्वांत गंभीर आहे. द्विघाती इंजिनाच्या स्नोमोबाईलमध्ये वंगणतेलाची पातळी घटली की एक दिवा लागतो. हे मंडल दिष्ट धारेवर चालत असेल आणि एलईडी उलट्या ध्रुवतेने बसवला गेला असेल, तर तो कधीच लागत नाही. चालकाला तेल पुरेसे आहे असे वाटत राहते आणि वंगणाअभावी इंजिन अडकू शकते. वस्तीपासून दूर, कडाक्याच्या थंडीत इंजिन बंद पडणे जीवावर बेतू शकते. याच्या उलट, संवेदकातून झिरपणाऱ्या अत्यल्प धारेवर एलईडी मंदपणे सतत जळत राहण्याची शक्यता असते. अशा दिव्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते. म्हणून बदलानंतर प्रत्येक इशारादर्शक दिवा प्रत्यक्ष लागतो व पूर्ण विझतो, याची खात्री करून घेतात. ज्या गाडीत ही चाचणी करणे शक्य नसते, तेथे इशारादर्शक दिव्यांसाठी मूळ बल्बच ठेवणे श्रेयस्कर असते.

मागील दिवे

स्नोमोबाईलच्या पट्ट्यामुळे उडणारा बर्फ मागील बाजूस साचतो. तापदीप्त बल्बची उष्णता तो काही प्रमाणात वितळवते. एलईडी बसवल्यानंतर मागील दिवा बर्फाखाली झाकला जाण्याची शक्यता वाढते व चालकाला ते कळत नाही. समूहाने रात्री प्रवास करताना मागून येणाऱ्या गाडीला पुढची गाडी दिसणे याच दिव्यावर अवलंबून असते, म्हणून प्रत्येक थांब्यावर तो तपासतात. लाल आवरणामागे लाल एलईडीच वापरतात. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल रंगाचे प्रमाण कमी असल्याने लाल आवरणातून त्याचा थोडाच प्रकाश बाहेर पडतो. सतत जळणारा प्रकाश आणि ब्रेकचा प्रकाश यांच्या प्रखरतेत स्पष्ट फरक असणेही आवश्यक असते.

सर्वसाधारण कार्यपद्धती

रूपांतरण सहसा पुढील क्रमाने केले जाते.

१. गाडीच्या माहितीपुस्तिकेतून स्टेटरची क्षमता व बल्बचे प्रकार पाहिले जातात.

२. मल्टिमीटरने दिव्यांच्या जोडणीतील धारा प्रत्यावर्ती आहे की दिष्ट, हे तपासले जाते. इंजिन मंद असताना आणि वेगात असताना येणारे व्होल्टेज नोंदवले जाते.

३. जुन्या बल्बसह गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून झोताची वरची कड भिंतीवर खुणेने दर्शवली जाते.

४. इंजिन बंद करून व बल्ब थंड झाल्यावर नवा बल्ब बसवला जातो. एलईडीच्या चकत्या डाव्या व उजव्या बाजूंना येतील, अशा रीतीने तो फिरवून घट्ट केला जातो.

५. जोडण्यांवर विद्युतरोधक ग्रीस लावून ओलीपासून संरक्षण केले जाते. तारा तप्त धुराड्यापासून व हँडलच्या फिरत्या भागांपासून दूर बांधल्या जातात.

६. भिंतीवरील खुणेशी नव्या झोताची तुलना करून दिव्याचा कोन जुळवला जातो. झोत जुळत नसल्यास तो बल्ब त्या दिव्यास योग्य नाही, असे समजले जाते.

७. सर्व दिवे, ब्रेकचा दिवा व इशारादर्शक दिवे इंजिनाच्या वेगवेगळ्या वेगांवर तपासले जातात.

मूळ बल्ब फेकून न देता गाडीत जपून ठेवण्याची पद्धत आहे. एलईडी बल्ब वाटेत निकामी झाल्यास किंवा ओल्या बर्फात काच सतत झाकली जात असल्यास तो पुन्हा बसवता येतो. मात्र मंडल दिष्ट धारेवर आणताना तारा, फ्यूज वा रेक्टिफायर कमी क्षमतेचे वापरले असल्यास हॅलोजन बल्बचा भार त्यांना पेलत नाही.

विद्युतचुंबकीय व्यत्यय

एलईडी बल्बमधील ड्रायव्हर धारा अतिशय वेगाने चालू-बंद करत असतो. त्यातून रेडिओ लहरींचा गोंगाट निर्माण होऊ शकतो. डोंगराळ प्रदेशात स्नोमोबाईलचालक हिमस्खलनात गाडलेल्या व्यक्तीचा शोध घेण्यासाठी ४५७ किलोहर्ट्झवर चालणारे शोधयंत्र अंगावर बाळगतात. विद्युत उपकरणांच्या गोंगाटामुळे या यंत्राचा पल्ला घटतो किंवा त्यावर चुकीचे संकेत उमटतात. इतर विद्युत उपकरणे प्रक्षेपणाच्या वेळी किमान २० सेंटिमीटर व शोधाच्या वेळी किमान ५० सेंटिमीटर दूर ठेवावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. शोध सुरू करताना गाडीचे इंजिन व दिवे बंद करणे किंवा गाडीपासून दूर जाणे त्यामुळे आवश्यक ठरते.

नियम

अमेरिकेत स्नोमोबाईल हे मुख्यतः रस्त्याबाहेरील वाहन मानले जाते. त्यामुळे मोटारींच्या दिव्यांसाठी असलेले संघराज्याचे मानक तिला थेट लागू होत नाही. दिव्यांविषयीचे नियम प्रत्येक राज्य ठरवते. स्नोमोबाईलच्या हेडलाइटसाठी एसएई जे२८० हे स्वतंत्र तांत्रिक मानक आहे. उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे प्रमाणीकरण स्नोमोबाईल सुरक्षा व प्रमाणीकरण समितीच्या निकषांनुसार केले जाते आणि कॅनडाच्या मोटार वाहन सुरक्षा नियमांत या निकषांचा आधार घेतलेला आहे. हे प्रमाणीकरण कारखान्यातून बाहेर पडलेल्या दिव्यासाठी असते. बल्बचा प्रकार बदलल्यावर तो दिवा त्या निकषांत बसतोच असे नाही.

युरोपात दिव्याला मान्यता देताना त्यात कोणत्या प्रकारचा बल्ब वापरायचा, हेही निश्चित केलेले असते. जर्मनीत २०२०पासून काही एलईडी बल्बांना रस्त्यावरील वापरासाठी परवानगी मिळाली, परंतु ती चाचणी घेतलेल्या ठरावीक वाहनांपुरतीच आहे. एकच एलईडी बल्ब एका दिव्यात योग्य झोत देतो व दुसऱ्या दिव्यात चकाकी निर्माण करतो, हे या मर्यादेमागील कारण आहे.

हे सुद्धा पहा

प्रकाश उत्सर्जक डायोड
हॅलोजन दिवा
प्रत्यावर्ती विद्युतधारा
स्नोमोबाईल
हिमस्खलन